तेविसावं ताट

आक्का,

मी अकरा वर्षांचा होईपर्यंत आपल्या घरात एका दिवशी दोन पदार्थ शिजल्याचं मला आठवत नाही. हुलग्याचं माडगं सकाळी, हुलग्याचं माडगं संध्याकाळी. हुलगे भरडायचे, पाण्यात शिजवायचे, मीठ घालायचं, झालं. माणूस वाढला की पाणी वाढवायचं. शेजारची पोरं घरात शिरताना ओरडायची, "आये, आज काय हाय?" आपण तिघांपैकी कुणी असं कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. बापू गेलेले, तुझं लग्न होऊन मोडलेलं, आई आणि तू चाकणला कांद्याच्या वखारीत कांदा निवडायला जायचात. उन्हाळ्यात निवडून टाकलेला कांदा पदरात मिळाला तर माडग्याबरोबर कांदा. तो आपला सण.

आई एकदा म्हणाली होती, "पोटाला रोज तेच घातलं की पोट मागायचं इसरतं." मला वाटायचं, ही समजूत आहे, स्वतःची घातलेली. तू मात्र ते वाक्य जपून ठेवलंस, आणि पुढे त्यावरून माझ्याशी वर्षभर भांडलीस.

आई गेल्यावर तू मला घेऊन पिंपरीला आलीस. कारखान्याच्या पायाचे खड्डे खणत होते. माळावर नुसते गवंडी आणि मुरूम. तू पत्र्याच्या आडोशाला तीन दगडांची चूल मांडून आठ गवंड्यांना भाकऱ्या बडवायला लागलीस. कारखाना उभा राहिला, गवंडी गेले, फिटर आले, टर्नर आले, सातारा, कोकण, बीड कुठून कुठून. आठाचे बावीस झाले. मी त्या भाकऱ्यांवर पुण्याला सायकलने जाऊन बी. एस्सी. झालो, आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. आपल्या घराण्यात सही करणारा मी पहिला, हे तू बावीसच्या बावीस जणांना जेवताना सांगायचीस. ज्यांनी ऐकलं होतं त्यांनाही.

तुझ्या खानावळीचा एकच कायदा होता. नवा माणूस आला की त्याला पाटावर बसवून तू सांगायचीस, "लागोपाठ दोन दिस एकच भाजी ताटात दिसली, तर मला तोंडावर बोलायचं. लाजायचं न्हाई." आणि दिसली नाही कधी. आज वांगं, उद्या मटकी, परवा शेवग्याचा रस्सा, शुक्रवारी झुणका, रविवारी मटण, न खाणाऱ्यांना वेगळी डाळवांगी. ज्या बाईने वीस वर्षं एक चव खाल्ली तिने बावीस माणसांना एक चव दोनदा चाखू दिली नाही. सावंत फिटर, आपला मालवणचा, तो म्हणायचा, "आक्का, माझ्या आवशीक पण इतके प्रकार येनत नाय." त्या दिवशी त्याला मटणाचा एक तुकडा जास्त मिळायचा.

अंगही तेव्हाच भरलं तुझं. तू हसण्यावारी न्यायचीस. "खानावळवाली वाळलेली असली तर गिऱ्हाईक दारातनं माघारी जाईल रे, दत्तू."

मग तो गोळा आला. आमटीचं मोठं पातेलं चुलीवरून उतरवताना बेंबीपाशी काहीतरी सरकलं आणि तू पातेलं न सांडता खाली ठेवलंस, मगच बसलीस. आडवं पडून हाताने दाबला की गोळा आत जायचा. दोन महिने तू मला सांगितलंच नाहीस. तिसऱ्या खेपेला तो तासभर आत गेला नाही, तू पांढरी पडलीस, तेव्हा मी तुला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते शांत माणूस होते. म्हणाले, हा हर्निया आहे, कापून शिवावा लागेल, पण आत्ता नाही. पोटावरच्या चरबीत टाके धरणार नाहीत. तीस पौंड उतरवा, मग या. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, फार वेळ लावू नका. एखाद्या दिवशी तो अडकेल आणि आत जाणारच नाही. मग आतडं सडतं.

तू बाहेर आल्यावर विचारलंस, "पौंड म्हंजी किती?"

मी हिशेब करून सांगितलं, पंधरा शेर.

"पंधरा शेर? तेवढा कांदा तर मी एका हातात घिऊन यष्टीत चढते. एवढंच व्हय?"

डॉक्टर मला जे बाजूला घेऊन बोलले ते मी तुला सांगितलं नाही. तुला ते कळलं होतं हे मला नंतर कळलं. दाराला कान लावला होतास.

दर आठवड्याला वजन बघा म्हणाले होते. कारखान्याच्या दवाखान्यात काटा होता, पण तिथे जायला तू साफ नकार दिलास. "माझ्या ताटात जेवणारी पोरं माझं वजन बघणार? न्हाई जमायचं." म्हणून आपण चाकणला, कांदा आणायला जायचो त्याच वखारीत गेलो. तिथला महादू हमाल तुला लहानपणापासून ओळखायचा. पोती बाजूला सारून त्याने तुला काट्यावर उभं केलं, वजनं टाकली, आणि सवयीने पोत्यासारखं मोठ्यांदा ओरडला, "दोन मण आठ शेऽऽर!"

सगळ्या वखारीने मान वळवली.

"मेल्या, लिलाव करतोस का काय माझा?" तू म्हणालीस. पण काट्यावरून उतरलीस ती जराशी खाली मान घालून. मला तेवढं दिसलं.

आता तक्त्याबद्दल बोलतो. ते बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून आहारावरचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि आठवड्याचा तक्ता केला. सोमवारी मुगाचं वरण आणि काकडी, मंगळवारी नाचणीची आंबील, बुधवारी पडवळ आणि ज्वारी, असा सात दिवसांचा. शरीराला नाना तऱ्हेची सत्त्वं लागतात, एकाच अन्नात ती नसतात, असं मी तुला समजावून सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस. खळ लावून तक्ता चुलीच्या वरच्या भिंतीला चिकटवलास. वाचता येत नव्हतं म्हणून रोज सकाळी मला विचारायचीस, "आज काय हाय रे माझ्या नशिबात?" मला ते ऐकायला बरं वाटायचं. आपल्या घरात कुणीतरी अखेर तो प्रश्न विचारत होतं.

तीन आठवड्यांनी महादू ओरडला, "दोन मण नऊ!"

येताना एस. टी.त तू कांद्याची पिशवी पायाशी ठेवलीस. मग म्हणालीस, "दत्तू, तुझा कागद उतरव. रोज नवं खायचं म्हटलं की ते कसं झालंय बघावं वाटतं. दोन घास जास्तीच जातात. आन् आजचं खाताना उद्याचं काय हाय तेच डोक्यात. मी सतरा भाज्या रांधते, तेवढ्या पुरं हायत डोक्याला. माझं मी एकच खाणार."

आणि तू ठरवलंस ते हे: एक भाकरी, वाटीभर पालेभाजी, तेलाचा थेंब नाही, गाडगंभर ताक. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. सोमवारी तेच, रविवारी तेच.

मी भडकलो. "आक्का, हे माडगंच झालं! एवढं करून परत माडग्यावर यायचं?"

तू भाकरी थापत होतीस. हात थांबवला नाहीस. "तवा दुसरं नव्हतं म्हणून खाल्लं. आता बावीस ताटांत दुसरं हाय, माझ्याच हातचं हाय, आन् मी घेत न्हाई. ह्यात फरक हाय का न्हाई, तू सांग. शिकलेला तू."

  माझी पदवी त्या वाक्यापुढे लंगडी पडली, आणि मी तो राग पुढे महिनाभर सत्त्वांच्या नावाखाली काढत राहिलो.

खरं काय होतं ते लिहितो. प्रयोगशाळेतले माझे तीन सहकारी एका रविवारी जेवायला आले होते. त्यांच्या पानात मटण, वडे, सोलकढी, सगळं. तू कोपऱ्यात बसून आपली भाकरी-भाजी खात होतीस. त्यातल्या एकाने विचारलं, "ताई हे काय खातायत?" आणि मी म्हणालो, "आक्काचा उपास आहे आज." उपासाला कुणी भाकरी खातं का! पण ते शहरातले, सभ्य, आणखी एक वडा घेऊन जेवत राहिले. तू वर बघितलंस, आणि ताकाचा घोट घेतलास. पुढे कधी तू तो विषय काढला नाहीस. मीही नाही. आक्का, मला तुझ्या प्रकृतीची काळजी होती हे खोटं नाही, पण तक्त्यावरचे सात पदार्थ मी निम्मे तुझ्यासाठी लिहिले होते आणि निम्मे त्या लोकांसाठी. पदवीधर भावाची बहीण कोपऱ्यात बसून गरिबाचं ताट जेवते, हे मला बघवत नव्हतं. तुझा उपास नव्हता. तू काम करत होतीस. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

तर, तुझ्या एका भाकरीचे चार आठवडे झाले आणि काटा दोन मण नऊवरून हलेना. मी मनातून खूश झालो, हेही लिहून टाकतो. "बघ," म्हणालो, "पुस्तकात उगाच लिहीत नाहीत." तू काट्यावरून उतरून शेजारच्या पोत्यावर बसलीस. महादू एका दलालाशी वाद घालत होता. येणारा प्रत्येक दलाल पोत्यात हात घालून नमुना म्हणून चार-पाच कांदे काढून नेत होता. महादू वैतागून आपल्याला म्हणाला, "बगा आक्का. जो तो म्हणतो, चारच कांदे तर घेतले. दिवस मावळंस्तवर नमुन्याचं आख्खं पोतं गेलेलं असतं, आन् ते कुणी काट्यावर घालत न्हाई."

 तुझा हात, मी पाहिला, तोंडापाशी जाऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी तू जे केलंस ते बघून मी माझ्या साहेबांना सांगितलं होतं की आमच्या प्रयोगशाळेत असा नेटका प्रयोग कुणी केला नाही. तू चुलीशेजारी एक रिकामी पातेली ठेवलीस. दिवसभरात ज्या ज्या वेळी चाखायला हात तोंडाकडे गेला, त्या त्या वेळी चाखायचं ते चाखलंस आणि तेवढंच परत त्या पातेलीत टाकलंस. वरणाचं मीठ बघितलं, पळीभर पातेलीत. रस्सा बघितला, पळीभर. भात शिजला का, चिमूटभर. शेंगदाण्याची चटणी, बोटभर. शेवटी पंगत उठल्यावर पातेल्याच्या बुडाला राहिलेली खरवड, कुणी सोडलेली अर्धी पोळी, वाटीतला उरलेला रस्सा. अन्न टाकायचं नाही म्हणून तू ते उभ्याउभ्याच खाऊन टाकायचीस, भांडी घासायला घेता घेता. इतकी वर्षं ते तू जेवणात धरलंच नव्हतंस. मीही नाही.

संध्याकाळी तू ती पातेली एका ताटात उपडी केलीस आणि माझ्यापुढे सरकवलीस. डोंगर झाला होता.

"बावीस न्हाई रे," तू म्हणालीस, "तेवीस जेवतायत आपल्याकडं. तेविसावी मीच. भाकरीबिगर."

आणि आपण दोघं हसत सुटलो. तुला हसताना पोट धरावं लागत होतं, गोळा होता म्हणून.

पण हसणं सोपं होतं. खानावळवालीने चाखायचं नाही म्हणजे काय? गवंड्याने ओळंबा न लावता भिंत चढवायची. तू म्हणालीस, "उद्यापासनं तू चाखायचं." मी बी. एस्सी., इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या पाळीला जायच्या आधी चुलीपाशी उभा राहून बावीस जणांचं मीठ बघू लागलो. पहिल्या दिवशी आमटी खारट. दुसऱ्या दिवशी अळणी. सावंत पहिला घास घेऊन पाटावरून ओरडला, "आज सायबांचा हात लागलो दिसता! आक्का, मीठ काय परीक्षेक बसला हा?" बाकीच्यांनी ताटं वाजवली. तू आतून म्हणालीस, "जेवा गप. पोरगा शिकतोय." मी तीस रुपयांचं पाठ्यपुस्तक वाचून जे शिकलो नाही ते महिनाभर तुझ्या चुलीपाशी शिकलो: उकळीचा आवाज, फोडणीचा वास, वाफेवर हात धरला की भाताचं काय झालंय ते. तू न चाखता सगळं ओळखू लागलीस, आणि मला ओळखायला लावलंस. खरवड मात्र शेजाऱ्यांच्या म्हशीपुढे टाकताना तू तोंड फिरवायचीस. आई आठवायची तुला. 

दोन मण सात. दोन मण पाच. दोन मण साडेतीन. महादू ओरडायचा आणि वखारीतल्या बायका हातातला कांदा खाली ठेवायच्या.

होळीला तू पंचाहत्तर पुरणपोळ्या लाटल्यास. पुरणाचा वास रेल्वेच्या फाटकापर्यंत गेला असेल. सगळ्यांना तूप वाढून झाल्यावर तू आपली भाकरी घेऊन बसलीस. सावंताच्याने राहवेना. "आक्का, आज तरी."

"आज तरी म्हणणारं रोज कुणीतरी असतंच, सावंत," तू म्हणालीस. "पोळी कशी झालीय ते सांग. तेवढं मला पुरं हाय."

त्याने पोळी कशी झालीय ते इतकं तपशिलात सांगितलं की तू म्हणालीस, बास, पोट भरलं.

मी तेव्हा तुझ्याकडे बघून मनात म्हणालो होतो, आमच्या कारखान्यात साहेब, इंजिनियर, मोठमोठे पास झालेले लोक आहेत, यातल्या एकाच्याने हे होणार नाही. मनात म्हणालो. मोठ्याने म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं?

पाचव्या महिन्यात तुझं तोंड आलं, ओठांच्या कडा चिरल्या, चूल फुंकताना भोवळ आली. मी परत पुस्तक काढलं. "सांगत होतो ना? एकच एक खाल्लं की हे होतं." डॉक्टरांनीही माझीच बाजू घेतली, डाळ हवी, मोड आलेलं कडधान्य हवं म्हणाले. तू कबूल झालीस, म्हणजे तुझ्या पद्धतीने. वाटीभर मोडाची मटकी सुरू केलीस. रोज. मटकीच. मी म्हटलं, एक दिवस मूग कर, एक दिवस चवळी. तू म्हणालीस, "तू जिंकलास असं समजू नगं. एक वाटी वाढली, बदल न्हाई झाला." ओठ आठ दिवसांत बरे झाले. तेव्हा बरोबर कोण होतं, आक्का? मी म्हणत राहिलो वाटी माझ्या पुस्तकातली होती, तू म्हणत राहिलीस रोजची होती म्हणून लागू पडली. गेल्या महिन्यातसुद्धा आपण यावरून भांडलो. मला अजून दोन मुद्दे सुचले आहेत.

तुझ्या दहाव्याला घाटावर नैवेद्याचं ताट वाढताना मामींनी मला विचारलं, "दत्तू, आक्काला काय आवडायचं रे?" मी उभाच राहिलो. बावीस माणसांना काय आवडतं ते तुला पाठ होतं. सावंताला तिरफळ, बीडच्या पाटलाला ठेचा, मला शेवग्याचा रस्सा. तुला काय आवडायचं ते तुला कुणी विचारलं नाही, मीही नाही, एवढी वर्षं जिभेच्या गोष्टी करून. पुस्तकात नसलेली ही एकच गोष्ट होती आणि ती तूच सांगू शकत होतीस. मी शेवटी मामींना म्हणालो, सगळं थोडं थोडं वाढा.

आणि त्याच घाटावर कुणीतरी हळूच म्हणालं, खाणं तोडलं म्हणून गेली बिचारी. म्हणून हे लिहायला बसलो. डोक्यातली शीर फुटून तू तासाभरात गेलीस. त्याचा तुझ्या भाकरीशी काही संबंध नाही, डॉक्टरांनी हे मला स्वच्छ सांगितलं आहे, आणि जो विचारील त्याला मी सांगणार आहे. बिचारी तर तू कधीच नव्हतीस.

जो विचारील त्याला हेही सांगणार आहे. ऑपरेशनआधीच्या त्या शेवटच्या बाजाराच्या दिवशी महादूने दोनदा वजनं तपासली, आणि मग अंगात आल्यासारखा ओरडला, "एक मण तेहेतीस शेऽऽर!" तू काट्यावरून उतरलीच नाहीस. म्हणालीस, "पुन्यांदा म्हण. पल्याडच्या वखारीत ऐकू गेलं न्हाई." तो पुन्हा ओरडला. तू मान ताठ करून उभी होतीस.

तुला आठ महिने लागले. तू दोन मण नऊ शेरांवरून एक मण तेहेतीस शेरांवर आलीस. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, टाके धरले, आणि बाराव्या दिवशी तू स्वतःच्या पायांनी चालत घरी आलीस.

तुझा,
दत्तू